‘शेवटी ट्विस्ट आहे’ एवढंसुद्धा सांगू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतलं पुस्तकांचं पान मी नेमाने वाचतो, आणि नेमाने वाचतो म्हणूनच हे पत्र लिहितोय, नाहीतर एवढी तसदी घेतली नसती. गेल्या काही महिन्यांत त्या पानावर रहस्यकादंबऱ्यांची परीक्षणं बरीच आली, चांगली गोष्ट आहे, पण जवळजवळ प्रत्येक परीक्षण येऊन थांबतं एकाच वाक्यावर, शब्द थोडे इकडेतिकडे. "शेवटच्या काही पानांत वाचकाला असा धक्का बसतो की..." झालं! लिहिणाऱ्याला वाटतं आपण खुन्याचं नाव घेतलं नाही म्हणजे रहस्य फोडलं नाही. अहो, फोडलंत की. जिन्याची एक पायरी तुटकी आहे एवढं सांगितलं आणि कितवी ते नाही सांगितलं, तर माणूस पहिल्या पायरीपासून पाय चाचपत चढणार ना? मी तसा वाचतो मग. लेखकाने वर्णन केलेला पाऊस, माणसं, त्यांची भांडणं, कशातच लक्ष नाही, नुसता पाय चाचपणं चालू.

मी चौतीस वर्षं ऑडिटमध्ये काढली. हे मोठेपणा म्हणून नाही सांगत, पुढे त्याचा संबंध येणार आहे. निवृत्त झाल्यावर वाचू वाचू म्हणून ठेवलेली पुस्तकं तशीच पडली होती, मग मध्यंतरी पायाचं हाड मोडलं (कसं ते सांगत नाही, त्यात रहस्य काही नाही, नुसता गाढवपणा) आणि प्लास्टरमध्ये सात आठवडे पडून होतो तेव्हा अकरा कादंबऱ्या झाल्या. बहुतेक इंग्रजी, दोन जपानी पण इंग्रजीतून, आणि दोन मराठी अनुवाद. पुस्तकं आणून द्यायचं काम नातीकडे होतं.

तिने पहिलं पुस्तक आणलं ते मुद्दाम चिडवायला. जोसेफिन टे बाईंचं ‘द डॉटर ऑफ टाइम’, 1951 सालचं. म्हणाली, "आजोबा, यातला इन्स्पेक्टर पण तुमच्यासारखाच पाय मोडून पडलाय." खरंच तसं निघालं. इन्स्पेक्टर ग्रँट हॉस्पिटलात आडवा, छताकडे बघून बघून कंटाळलेला, आणि त्याच्या हातात इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्ड राजाचं एक चित्र येतं. हा राजा म्हणजे पुतण्यांना मारणारा नराधम असं सगळ्यांना शाळेपासून पाठ, आणि ग्रँटला तो चेहरा खुन्याचा वाटतच नाही. मग तो पलंगावर पडल्यापडल्या 1483 सालच्या भानगडीची चौकशी सुरू करतो. ना पळापळ, ना प्रेत, ना बंदूक. एक मुलगा लायब्ररीतून कागद आणून देतो आणि हा प्रश्न विचारतो, बास. पण प्रश्न कसले! ज्या टॉमस मोरच्या लिखाणावर सगळा आरोप उभा, तो मोर रिचर्ड गादीवर आला तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता, म्हणजे त्याने लिहिलेलं सगळं ऐकीव. हे वाचून मी प्लास्टरसकट उठून बसलो. आमच्याकडे ऐकीव गोष्टीला किंमत शून्य, मूळ कागद कुठेय ते दाखवा. आता टे बाईंनी वकिली जरा एकतर्फी केलीय, दुसऱ्या बाजूचे कागद त्या फार पुढे येऊ देत नाहीत हे मला कळलं, पण गंमत कमी झाली नाही. आणि बघा, या पुस्तकात फोडण्यासारखं काही नाहीच, आरोपी कोण ते पाचशे वर्षं माहीत आहे, तरी रात्री दीडपर्यंत दिवा चालू होता.

मग सेइचो मात्सुमोतोचं ‘पॉइंट्स अँड लाइन्स’. मूळ जपानी पुस्तक 1958 चं, त्याआधी एका प्रवासाच्या मासिकात क्रमशः येत होतं. हा माणूस चाळिशी उलटल्यावर लिहायला लागला हे वाचून बरं वाटलं, आपल्यालाही अजून चान्स आहे. तर समुद्रकिनाऱ्यावर एक पुरुष आणि एक बाई मेलेली सापडतात, सायनाइड घेतलेलं, शेजारी शेजारी व्यवस्थित, बघणारा म्हणेल प्रेमी जोडप्याची आत्महत्या. फाइल बंद करायला सगळे तयार. फक्त एक म्हातारा, अंगावर मळका कोट घातल्यासारखा वाटणारा स्थानिक डिटेक्टिव्ह (कोटाचं माझ्या मनाचं, मला तो तसा दिसला) मेलेल्या माणसाच्या खिशातली एक पावती बघतो. रेल्वेच्या डायनिंग कारची पावती. तिच्यावर लिहिलेलं, माणसं : एक.

एक! दोघं टोकियोहून एकाच गाडीत बसली असं बघणारे सांगतात, एकत्र मरायला निघालेली माणसं, आणि जेवायला हा एकटा गेला? म्हातारा घरी जाऊन आपल्या मुलीला विचारतो, तुला भूक नसली आणि तुझा माणूस जेवायला निघाला तर तू जाशील का सोबत. ती म्हणते जाईन की, निदान कॉफी घेईन. त्या क्षणी त्याच्या मनात ती आत्महत्या संपते. संपादकसाहेब, चौतीस वर्षांत मी हजारो पावत्या बघितल्या असतील, आणि खरं सांगतो, आकडा चुकलेली पावती फार वेळा सापडत नाही, सापडते ती अशी, आकडा बरोबर असलेली पण माणसाच्या वागण्याशी न जुळणारी. हे त्या लेखकाला कळलं होतं.

आणि ती चार मिनिटं. टोकियो स्टेशनवर तेरा नंबरच्या फलाटावरून पंधरा नंबरचा फलाट दिसतच नाही, मध्ये सतत गाड्या. दिवसभरात संध्याकाळी 5 वाजून 57 मिनिटांपासून 6 वाजून 1 मिनिटापर्यंत, एवढीच चार मिनिटं मधली रूळं मोकळी असतात. आणि नेमकं त्याच चार मिनिटांत कोणीतरी कोणालातरी बघतं. योगायोग? आमच्याकडे एक अलिखित नियम होता, ज्या फाइलमध्ये सगळी व्हाउचरं ओळीने लागलेली, सह्या एकाच शाईतल्या, एकही खाडाखोड नाही, ती फाइल आधी उघडायची. इथे पण संशय कोणावर घ्यायचा ते अर्ध्याच्या आधीच कळतं, लपवलेलं नाही. प्रश्न एवढाच की तो माणूस त्या सुमाराला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला प्रवास करत होता, तिकिटं आहेत, साक्षीदार आहेत, टाइमटेबल आहे. मग टाइमटेबल फोडत बसायचं. एक गोष्ट त्या टोकियोच्या तरुण डिटेक्टिव्हच्या डोक्यात इतक्या उशिरा येते की तुम्ही पुस्तकावर ओरडाल, मी ओरडलो, बायको आत आली बघायला. कोणती ते सांगत नाही.

दुसरी जपानी म्हणजे केइगो हिगाशिनोची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’. हिचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. 2005 ची, तिला तिकडचं मानाचं नाओकी पारितोषिक मिळालं, इंग्रजीत 2011 ला आली. इथे तर खून आपल्या डोळ्यांसमोर होतो, अगदी सुरुवातीला. एक बाई आणि तिची शाळकरी मुलगी, त्रास द्यायला दारात आलेला तिचा घटस्फोटित नवरा, झटापट, आणि तो मरतो. शेजारी राहतो एक गणिताचा मास्तर, एकटा, जाडसर, कोणाच्या अध्यात ना मध्यात, तो दार ठोठावतो आणि म्हणतो मी निस्तरतो. म्हणजे कोणी मारलं, कशाने, का, सगळं माहीत. उरलं काय? उरलं तेच पुस्तक आहे. जपानात म्हणे याला अस्सल कोडं म्हणायचं की नाही यावर लेखक-समीक्षकांत चांगलाच वाद पेटला होता, लेखकाने वाचकाला पुरेसे क्लू दिले की नाही यावरून. मी ‘दिले’ म्हणणाऱ्यांच्या बाजूचा. एका ठिकाणी तो मास्तर परीक्षेचे पेपर कसे काढतो त्याबद्दल सहज एक वाक्य बोलतो. मी ते वाचलं, हसलो, पुढे गेलो. संपल्यावर मागे येऊन ते वाक्य परत वाचलं तेव्हा पुस्तक बंद करून काही वेळ नुसता पडून राहिलो. बास, याच्यापुढे एक अक्षर नाही. बघा, मला पण जिभेला चावा घ्यावा लागतोय, परीक्षण लिहिणाऱ्याची अडचण मला कळत नाही असं नाही.

आता नव्यांकडे येतो. ‘गॉन गर्ल’ (2012) आणि ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ (2015) या दोन्ही मी उशिरानेच वाचल्या. यांच्या यशानंतर शीर्षकात गर्ल नसलेलं पुस्तक काढायचंच नाही असा जणू नियम झाला होता. ‘गॉन गर्ल’ मला आवडली, लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी बायको गायब, एक प्रकरण नवऱ्याचं, एक तिच्या डायरीचं, आणि दोघंही नकोशी माणसं तरी सोडवत नाहीत. तिची ताकद अशी की मोठी गोष्ट ती शेवटासाठी राखून ठेवत नाही, मध्यावरच... बघा, सांगून बसलो मीपण. छापताना खोडा हे वाक्य. ‘ट्रेन’वालीचं म्हणाल तर पहिली शंभर पानं फार छान. रोज लोकलने जाणारी बाई, सिग्नलला गाडी थांबते तिथून एका घराचं अंगण दिसतं, त्या नवरा-बायकोला ही आपल्या मनाने नावं ठेवते, जेस आणि जेसन, त्यांचा सुखी संसार आपल्या मनात रचत बसते. खिडकीतून असं बघणं कोणी केलं नाही? पण मग दारूच्या नशेत तिला काहीच आठवत नाही आणि लेखिकेला पाहिजे तेव्हा पाहिजे तेवढंच आठवतं, हे मला पचलं नाही. विसरभोळा साक्षीदार एकदा चालतो, पण ज्याच्या विसरण्याला वेळापत्रक असतं त्याला आम्ही खोटारडा म्हणायचो.

आणि या दोघींच्या मागून जी रांग लागली, त्यातल्या चार वाचल्या, नावं घेत नाही, नाही तर एकीची गोष्ट दुसरीच्या नावावर खपेल. प्रकरणं दोन-दोन पानांची, वर तारीख, ‘त्या रात्री’, ‘आधी’, ‘नंतर’, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कोणीतरी दारावर थाप मारतं किंवा फोन वाजतो आणि पुढच्या प्रकरणात कळतं की शेजारीण होती. निवेदक आपल्याशी मनातलं बोलतो, मनातलं, म्हणजे कोणापासून लपवायचं नसतं तिथलं, आणि नेमकी एक गोष्ट मनातल्या मनात पण बोलत नाही, का तर शेवटी ट्विस्ट पाहिजे. हा क्लू लपवणं नाही, ही हिशोबाची वही दोन ठेवणं आहे. रोनाल्ड नॉक्स नावाचे एक पाद्री होते, स्वतः रहस्यकथा लिहायचे, त्यांनी 1929 मध्ये दहा नियम काढले होते. गुप्त भुयार एकाहून जास्त नको, जुळे भाऊ आयत्या वेळी आणू नका, डिटेक्टिव्हने स्वतःच गुन्हा करायचा नाही, आणि त्याच्या बावळट मित्राने डोक्यातला कोणताही विचार वाचकापासून लपवायचा नाही. अर्धे थट्टेतच लिहिलेले असणार. नियम मोडायलाच असतात हेही मान्य, त्याच्या तीन वर्षं आधीच अगाथा ख्रिस्तीबाईंनी ‘रॉजर अ‍ॅक्रॉइड’मध्ये काय केलं आणि त्यावर लोक केवढे भांडले ते जगजाहीर आहे, पण ते कशावरून भांडले ते लिहिता येत नाही हीच तर पंचाईत! मात्र त्यांनी जे केलं ते एकही खोटं वाक्य न लिहिता केलं. परत वाचा, प्रत्येक वाक्य खरं आहे. मी तपासलंय. अहो, याच बाईंच्या पहिल्या कादंबरीची तारीफ औषधवाल्यांच्या पत्रिकेने केली होती, विषाची माहिती बिनचूक म्हणून, पहिल्या महायुद्धात हॉस्पिटलच्या औषध विभागात काम केलेलं ना. बिनचूक असणं म्हणजे ते.

खुनी आधी सांगून टाकायची पद्धत काही नवी नाही. फ्रान्सिस आइल्स या टोपणनावाने 1931 मध्ये आलेल्या ‘मॅलिस अफोरथॉट’मध्ये डॉक्टर बायकोला मारायचं ठरवतो हे पहिल्याच वाक्यात आहे. आणि आपण तरी लहानपणी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार काय, काळापहाड काय, कोण खुनी म्हणून थोडेच वाचायचो, आता हा यातून सुटतो कसा म्हणून वाचायचो, वर्गात पुस्तकाच्या आत पुस्तक ठेवून.

आता अनुवादाचं, आणि हे जरा लांबेल, कारण यावर कोणी बोलत नाही. इंग्रजी रहस्यकादंबऱ्यांत आजकाल एक फॅशन आहे, मधूनमधून तिरप्या टाइपात खुन्याचं स्वगत. तो कोण ते कळू द्यायचं नाही, नुसता आवाज. इंग्रजीत ते सोपं, ‘आय वेटेड’ म्हटलं की बाई की बाप्या पत्ता लागत नाही. मराठीत काय करणार? ‘मी थांबलो’ की ‘मी थांबले’? मी वाचलेल्या एका अनुवादात चौथ्याच पानावर खुनी म्हणतो, ‘मी झाडामागे उभी होते.’ झालं, सात संशयितांतले चार पुरुष एका काना-मात्रेत निर्दोष सुटले, उरलेल्या तिघींपैकी एक अंथरुणाला खिळलेली, एक परदेशात. पुढची तीनशे पानं काय करायची मी? अनुवादकाचा राग आला पण मग विचार केला, त्या बिचाऱ्याने करावं तरी काय, भाषाच चुगली करते. मीच बघा ना, या पत्राच्या पहिल्या वाक्यात ‘वाचतो’ म्हणालो आणि तुम्हाला कळलं की लिहिणारा पुरुष आहे.

मग पडल्यापडल्या तोच उद्योग केला, आपण अनुवाद केला असता तर कसा केला असता. आणि लक्षात आलं की मराठीतला खुनी तसा बराच सुरक्षित आहे. ‘मी दार उघडलं, मी दिवा मालवला, मी सुरी उचलली’, यात काही कळत नाही, कारण क्रियापद दाराच्या नि दिव्याच्या नि सुरीच्या मागे जातं. ‘मला माहीत होतं’, चालतं. ‘मी परत येईन’, तेही चालतं, भविष्यकाळात बाई-पुरुष एक. पण ‘मी आलो’ म्हटलं की सापडला. ‘मी गेले’ म्हटलं की सापडली. म्हणजे मराठीतल्या खुन्याला काहीही करता येतं, फक्त कुठे जाता-येता येत नाही! आणि ‘विसरलो’, ‘हसलो’, ‘बोललो’ म्हणता येत नाही, त्याने आपलं गप्प राहावं, सगळं लक्षात ठेवावं आणि गंभीर असावं, आणि खुनी असाच असतो म्हणा. थोडी मेहनत घेतली तर अख्खं स्वगत असं लिहिता येतं, मी एक पान करून पाहिलं, जरा अवघडल्यासारखं वाटतं पण खुनी अवघडलेला असायला काय हरकत आहे?

तसंच तू आणि तुम्हीचं. निनावी फोन येतो, पलीकडचा आवाज म्हणतो, तू काय केलंस ते मला माहितीये. इंग्रजीत यातून नातं कळत नाही. मराठीत ‘तू’ म्हणाला तर घरातला, नाहीतर उर्मट, ‘तुम्ही’ म्हणाला तर ऑफिसातला किंवा सभ्य, ‘आपण’ म्हणाला तर वकील! त्याच अनुवादात हा फोनवाला पहिल्या फोनला ‘तुम्ही’ आणि तिसऱ्या फोनला ‘तू’ म्हणत होता, मला वाटलं व्वा, हा क्लू आहे, दोघं आहेत फोन करणारे. वहीत लिहून ठेवलं. कसला क्लू, अनुवादकाचं दुर्लक्ष. रहस्यकादंबरीत चूक पण क्लू वाटते हो, म्हणून तिथे प्रूफ जास्त काळजीने तपासायला पाहिजे, एखाद्या ठिकाणी डावा हात छापायचा तिथे उजवा झाला की निम्मे वाचक भलत्याच्या मागे. परीक्षणात हे लिहा ना. अनुवादकाने खुन्याला लपवलं का, कसं लपवलं, हे सांगितलं तर काही फुटत नाही, उलट अनुवादकाच्या डोक्याची किंमत लोकांना कळेल. तुमच्या पानावर तर अनुवादकाचं नाव पण कधी असतं कधी नसतं.

एक प्रसंग सांगतो आणि थांबतो. नातीने लायब्ररीतून एक जुनी इंग्रजी कादंबरी आणली. नाव मुद्दाम लिहित नाही. मोठं घर, बर्फ, श्रीमंत म्हातारा मेलेला, नेहमीचा सरंजाम. सुरुवातीला पात्रांची यादी असते तशी होती, आणि त्या यादीत घरच्या डॉक्टरांच्या नावापुढे पेन्सिलीने एक बाण आणि मराठीत ‘हाच!’. उद्गारचिन्हासकट. मी एवढा भडकलो की पुस्तक तसंच परत पाठवणार होतो, पण दुसरं काही हाताशी नव्हतं आणि पायाने उठता येत नव्हतं, मग वाचलं. आणि काय सांगू, त्या डॉक्टरला मी इतकं निरखून कोणालाच वाचलं नसेल. तो हातमोजे काढून हात धुतो, मला घाम. तो विधवेला धीर देतो, मी दात खातोय. तो म्हाताऱ्याच्या नोकराला झोपेची पुडी देतो तेव्हा तर मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं, बघ बघ हा मेला आता. दोनशे ऐंशीव्या पानावर कळलं, डॉक्टरचा कशाशी काही संबंध नाही. साधा, कामाने दमलेला, भला माणूस.

मग परत ती पेन्सिल बघितली. सवय जात नाही. पुस्तकभर समासात त्याच पेन्सिलीच्या बारीक बारीक रेघा होत्या, वाचून जिथे ठेवलं तिथली खूण असावी, चोवीस पानावर, एकेचाळीसवर, सदुसष्टवर, नव्वदवर, आणि शेवटची एकशे बारा पानावर. त्याच्या पुढे एकही नाही. म्हणजे त्या गृहस्थांनी (किंवा बाईंनी, ‘हाच!’वरून कळत नाही, लिहिणाऱ्याचं लिंग दिसेल असं क्रियापदच नाही त्यात) एकशे बारा पानांपर्यंत येऊन ठरवलं की आपल्याला कळलं, यादीपाशी जाऊन बाण काढला, आणि पुस्तक परत केलं. आजही ते कुठेतरी निश्चिंत असतील की डॉक्टरनेच मारलं.

तर माझं म्हणणं एवढंच की खुनी माहीत असून मला पुस्तक वाचता आलं, चुकीचा खुनी माहीत असून तर फारच मजेत वाचता आलं, पण ‘शेवटी जबरदस्त ट्विस्ट’ हे कानावर पडलेली एकही कादंबरी मला धड वाचता आली नाही, या सात आठवड्यांतल्या चार तशाच वाया गेल्या, त्यातल्या दोन तुमच्या पानामुळे. परीक्षण लिहिणाऱ्यांना सांगा, पहिल्या पन्नास पानांबद्दल लिहा, माणसं कशी उभी केलीत, तपास कसा चालतो, पावती कशी सापडते, भाषा कशी आहे, अनुवाद कोणाचा आहे. शेवटाबद्दल चांगलं, वाईट, काही म्हणजे काही लिहू नका. शेवट आहे हे आम्हाला माहीत असतं.

परवा प्लास्टर निघालं. पुस्तक परत करायला यावेळी मी स्वतः काठी टेकत गेलो, खिशात खोडरबर घेऊन, काउंटरवर देण्याआधी तो बाण खोडायचा म्हणून. यादीचं पान उघडलं, रबर टेकवलं पण. मग तसंच मिटवून दिलं. पुढच्या कोणाला तरी ते मिळू दे.

आपला,
एक जुना वाचक